माजी आमदाराची सव्वा मूठ

माझे वडील पाच वर्षं आमदार होते आणि पुढे कितीतरी वर्षं माजी आमदार. यातलं दुसरं पद पहिल्यापेक्षा मोठं होतं असं मी म्हणते, तेव्हा ऐकणाऱ्याला थट्टा वाटते. थट्टा नाही. आमदाराचं काम माणूस खुर्चीवर बसून करतो. माझ्या वडिलांनी खरी कामं केली ती खुर्ची गेल्यावर, दुसऱ्यांच्या टेबलासमोर उभं राहून, आणि त्याचा मला त्यांच्या आमदारकीपेक्षा जास्त अभिमान आहे.

आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. धुळ्याकडच्या खेड्यातून ते सुरतेच्या उधन्यात लूम चालवायला आले. पाळी संपली की वस्तीतल्या लोकांचे अर्ज घेऊन महानगरपालिकेत जायचे. नळ, दिवाबत्ती, रेशनकार्ड, काहीही. आप्पांना ‘नाही’ हा शब्द ऐकूच यायचा नाही. साहेब नाही म्हणाले की ते बाहेरच्या बाकड्यावर बसत आणि साहेब जेवून आले की पुन्हा विचारत. नव्वदच्या सुमाराला एका पक्षाला आमच्या भागातली मराठी मतं हवी होती आणि आप्पांना गोडादऱ्यासाठी, म्हणजे आमच्या वस्तीसाठी, पाण्याची लाइन हवी होती. दोघांचं जमलं. लूमवाला माणूस गांधीनगरला विधानसभेत जाऊन बसला.

त्यांच्या गुजरातीला खानदेशी हेल होता. पहिल्यांदा बोलायला उभे राहिले ते संडासांवर, आणि सभागृहात हशा पिकला. आप्पा हशा संपेपर्यंत थांबले आणि म्हणाले, “हसी लो साहेब, पण अमने संडास आपो.” संडास मिळाले. शहरात प्लेगची घबराट पसरली, वस्तीतली अर्धी माणसं मिळेल त्या गाडीने गावाकडे पळाली, तेव्हा आप्पा गेले नाहीत. आईला मात्र म्हणाले, “तू पोरीला घेऊन जा.” आईही गेली नाही. आमच्या घरात हट्ट हा एकट्याचा कधीच नव्हता.

पुढच्या निवडणुकीत पक्षाने तिकीट कापलं. गरज सरो, वैद्य मरो. आप्पा अपक्ष उभे राहिले आणि सपाटून पडले. घर होतं तसंच दोन खोल्यांचं राहिलं. आमदाराचं घर बघायला म्हणून गावाकडून आलेले पाहुणे आधी शेजारच्या तीनमजली घरात शिरत. ते घर साड्यांच्या एका दलालाचं होतं. आई त्यांना हाका मारून परत बोलवायची आणि दिवसभर फणफणायची.

मग एका सकाळी पांडेसऱ्याच्या डाइंग मिलवाल्या शेठ लोकांची मंडळी आमच्याकडे आली. खुर्च्या शेजारून मागवाव्या लागल्या. त्यांच्यातले वयस्क शेठ म्हणाले, “गांधीनगरमां अमारुं कोई सांभळतुं नथी. तमे तो दरेक टेबल ओळखो छो.” गांधीनगरात त्यांचं कोणी ऐकत नव्हतं; तिथे आपली बाजू मांडणारा, कागद पुढे सरकवणारा माणूस त्यांना हवा होता. आप्पांनी महिन्याचा पगार ठरवून घेतला आणि कामामागे टक्का घेणार नाही, हे चहा येण्याआधीच सांगून टाकलं. शेठ लोकांना ते जरा विचित्र वाटलं असावं.

या धंद्याला इंग्रजीत लॉबिंग असं भारदस्त नाव आहे. आमच्या वस्तीत एकच शब्द होता, दलाल. सुरतेच्या कापडबाजारात दलाल म्हणजे मानाचा माणूस, पण आमच्या लोकांच्या तोंडी तो शब्द आला की त्याची शिवी होते. “आमदार होता, आता मालकांचा दलाल झाला,” असं पानाच्या ठेल्यावर मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. मी तेव्हा अकरावीत होते. बोलणाऱ्याला मी तिथेच सुनावलं, “तुमच्या घरचा नळ कोणी आणला हो?” तो माणूस पान चघळत राहिला.

आप्पांची काम करायची रीत मला आजही शिकवण्यासारखी वाटते. पहाटेच्या गाडीने ते अहमदाबादला जात, तिथून एसटीने गांधीनगर. मंत्र्याकडे कधी आधी जायचे नाहीत. सगळ्यात खालच्या टेबलावरच्या कारकुनासमोर बसायचे आणि विचारायचे, “भाई, आमां वांधो शुं आवशे?” कारकून सगळे वांधे सांगायचा, आणि आप्पा एकेक वांधा मिटवून मगच कागद पुढे ठेवायचे. फाइल खालून चढत गेली की वर पोचते, वरून खाली टाकली की हरवते, असं ते म्हणत. दुसरा नियम याहून कडक होता. हुकूम निघेपर्यंत कुठे अवाक्षर काढायचं नाही. घरीसुद्धा नाही. आई म्हणायची, “तुझे आप्पा गांधीनगरला जातात की द्वारकेला, देव जाणे.”

या दुसऱ्या नियमानेच आमचा घात केला.

प्लेगच्या भीतीतून शहर उठलं होतं आणि जो तो सफाईवर बोलत होता. डाइंग मिलचं रंगीत पाणी खाडीत सोडणं आता चालणार नाही, असं वरून बजावलं गेलं. त्या पाण्यासाठी मोठी पाइपलाइन टाकायची होती आणि तिला मंजुरी आणण्याचं काम आप्पांकडे आलं. लाइनला दोन वाटा होत्या. एक जवळची आणि स्वस्त, आमच्या वस्तीच्या मधून, एका अख्ख्या ओळीची घरं पाडून. दुसरी मिलच्या मागून, खाडीच्या काठाने, लांबची आणि महागाची.

पाडायच्या ओळीत आप्पांच्या थोरल्या भावाचं घर होतं. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. आबांनीच आप्पांना बोट धरून सुरतेला आणलं होतं, लूमवर उभं केलं होतं. ते स्वतः एका डाइंग मिलमध्ये मुकादम होते, आणि आमच्या सगळ्या भाऊबंदांत त्यांचा शब्द शेवटचा.

एके दिवशी सरकारी माणसं टेप घेऊन आली आणि आबांच्या ओळीतल्या उंबऱ्यांपुढे चुन्याच्या रेघा मारून गेली. त्याच दुपारी आप्पांना शेठच्या गाडीतून जाताना वस्तीने पाहिलं. मग काय, हातच्या काकणाला आरसा कशाला? संध्याकाळी आबा आमच्या दारात उभे राहिले. आत आले नाहीत.

“मना घरवरथीन पाइप जायी का?” माझ्या घरावरून पाइप जाणार का, असं त्यांनी सरळ विचारलं.

आप्पा म्हणाले, “दादा, माले आते काही सांगता येत नही.”

“येत नही का सांगनं नही?”

आबा तसेच मागे वळले. आईने आप्पांना फैलावर घेतलं, मीही घेतलं. सख्ख्या भावाला दोन शब्द सांगायला काय जातं? आप्पा एवढंच म्हणाले, “शब्द दिलाय.” कोणाला आणि कसला, तेही सांगेनात. मी इतकी चिडले की दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पण एक होतं. घरं पाडायच्या कागदावर आप्पा चालत असतील, असं माझ्या मनाला एकदाही शिवलं नाही. ती खात्री कुठून आली, मला सांगता येणार नाही. मला त्यांचा राग आला होता, संशय नाही.

श्रावण आला, आणि आमची कानबाई. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांत ही देवी बसते. सगळे भाऊबंद एका घरी जमतात, आमच्याकडे आबांच्या घरी. आदल्या दिवशी रोटांचे गहू मोजले जातात. भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. पाळण्यातला मुलगा असला तरी त्याची मूठ पडते. त्या पिठाचे रोट, म्हणजे प्रसादाच्या पोळ्या, होतात आणि ते भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला तुकडाही द्यायचा नाही, आणि पुन्हा करायचे ते पुढच्या वर्षीच. ज्याची मूठ पडली तो घरचा, इतका साधा हिशोब.

आबा डब्यातून मूठ भरत होते, एकेकाचं नाव घेत होते, त्यांची बायको, आमच्या काकू, सूप धरून बसल्या होत्या. आप्पांची पाळी आली. आबांनी पुढचं नाव घेतलं.

आप्पा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी खाली पाहिलं, चपला घातल्या आणि निघाले. विधानसभेत हशा पिकला तेव्हा जो माणूस न डगमगता उभा राहिला होता, त्याचा चेहरा त्या दिवशी मी पाहिला आणि मला रडू फुटलं. त्या रविवारी वस्तीभर पुरणाचा वास सुटला होता आणि आमच्या घरी आईने मुगाची खिचडी टाकली. आप्पा दोन घास खाऊन उठले. एक शब्द बोलले असते तर भावाच्या पंगतीला बसले असते. बोलले नाहीत.

भाद्रपदात गणपती बुडाले आणि खोदाई सुरू झाली. खाडीच्या काठाने, मिलच्या मागून. वस्तीतल्या चुन्याच्या रेघा पावसाने कधीच धुऊन नेल्या होत्या. आबांच्या मिलचे शेठ त्यांना म्हणाले, “तमारा भाईए तो पहेला दिवसथी ज वस्तीमांथी लाइन लेवानी ना पाडी हती.” म्हणजे वस्तीतून लाइन न्यायला आप्पांनी पहिल्या दिवसापासूनच नकार दिला होता. मग त्यांनी सगळं सांगितलं. आप्पांनी शेठ लोकांना पहिल्याच बैठकीत बजावलं होतं की वस्तीतून लाइन नेलीत तर लोक रस्त्यावर येतील, काम वर्षानुवर्षं अडेल, आणि ज्यांची घरं पाडाल तेच उद्या तुमच्या मिलमध्ये रंगाच्या हौदावर उभे असतील. लांबची वाट घ्या, मंजुरी मी आणतो. शेठ लोकांना ते पटलं, पण त्यांनी अट घातली की हुकूम निघेपर्यंत कुठे वाच्यता नको, नाहीतर खाडीकाठचे जमीनवाले भाव चढवतील. टेप घेऊन आलेले लोक फक्त नियमाप्रमाणे दोन्ही वाटा मोजत होते.

मालकांचं काम त्यांनी मालकांना फसवून केलं नाही आणि वस्तीचं काम वस्तीला सांगून केलं नाही. दोन्ही कामं एकाच हुकमात बसवली. याला कोणाला दलाली म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं. मला असा दलाल बाप मिळाला म्हणून मी आजही ताठ मानेने चालते.

आबा आमच्याकडे आले, या वेळी आत येऊन बसले. बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, “पंखा आवाज करस.” आप्पा म्हणाले, “हा, तेल टाकनं शे.” दोघा भावांची माफी एवढीच झाली. पण रोट पुन्हा होणार नव्हते. चूक कळली तरी वर्षभर कोणाच्या हातात काही नव्हतं, आणि आबा त्या वर्षात म्हातारे दिसायला लागले.

पुढच्या श्रावणात पुन्हा सगळे जमले. आबांनी या वेळी पहिलं नाव आप्पांचंच घेतलं. सव्वा मूठ सुपात टाकली आणि लगेच दुसरी भरली. “ही मांगला सालनी,” म्हणाले. मागच्या वर्षीची राहिलेली मूठ.

आप्पांनी त्यांचं मनगट धरलं. “दादा, एक माणूसनी एकच मूठ. ही मनी आंडेरना नावनी टाका.”

आंडेर म्हणजे लेक. म्हणजे मी. मी दारात उभी होते आणि मला वाटलं, आप्पांचं डोकं फिरलं. एक चुलते म्हणाले, “पोरीस्नी मूठ ऱ्हास नही.” दुसऱ्यांनी मान डोलावली. आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते सूप धरून बसलेल्या काकूंकडे वळले आणि गांधीनगरच्या कारकुनाला विचारावं तसं शांतपणे विचारलं, “वहिनी, काय अडचण शे?”

काकू म्हणाल्या, “पोर परक्या घरनी. उद्या लगीन व्हयी, मंग?”

“उद्यानं उद्या दखसूत. आज ती आठेच शे ना?”

मी तर इथेच, समोर दारात उभी होते. काकूंनी सुपातले गहू सारखे केले.

“आणि जिना रोट करतस ती कानबाई, ती बी बाईच शे ना?”

आबांची मूठ अजून हवेत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझं नाव मोठ्याने घेतलं आणि गहू सुपात सोडले. आमच्या भाऊबंदकीत मुलीच्या नावाने पडलेली ती पहिली मूठ. मला काय वाटलं ते शब्दांत सांगायला बसले तर खोटं होईल. मी फक्त ओढणी तोंडावर धरली.

आबा पुढचं नाव घेणार, तेवढ्यात काकूंनी सूप मागे ओढलं. या बाईने लग्न होऊन आल्यापासून दर श्रावणात सगळ्यांचे रोट थापले होते आणि स्वतःच्या नावाचा एकही खाल्ला नव्हता.

“मंग मनी बी टाका,” त्या म्हणाल्या.

आबांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी हात वर केले आणि हसत म्हणाले, “दादा, मी फक्त पोरीनं काम लिधं व्हतं. वहिनी त्यास्नं काम त्याच करी राहिन्यात.”

माझी आई पदर खोचून काकूंच्या शेजारी जाऊन बसली. आबांनी एक सुस्कारा सोडला आणि डब्यात हात घातला.