भोकासकट मेथी

सोलापूरच्या मंगळवार बाजारात एक म्हातारा चित्रकार बसायचा. समोरच्या भाजीवालीची मेथी तो जशीच्या तशी रंगवायचा, किडीनं पानाला पाडलेल्या भोकासकट. मी दर आठवड्याला "वा!" म्हणायचो आणि पुढं जायचो.

एकदा एका शेळीनं त्याचं अख्खं चित्र चावून खाल्लं. मी ओरडलो. तो मात्र ब्रश कानामागं खोचून हरखून म्हणाला, "खाऊ द्या की! तुमी नुस्तं वा म्हणता. हिला खरंच पटलं."

मी ओशाळलो आणि दुसरं चित्र मागितलं. त्यानं विचारलं, "खानार का?"

मी चित्राच्या कोपऱ्यातलं एक पान फाडून तोंडात टाकलं. तेव्हा कुठं त्यानं उरलेलं चित्र माझ्या हातात दिलं.

चव कडवट होती. अगदी मेथीसारखी.