मोठीआईची घिन

आमच्या मोठीआईला जवळजवळ सगळ्याच गोष्टींची घिन यायची. किळस म्हणा हवं तर, पण तिच्या चेहऱ्यावर जे उमटायचं त्याला तो शब्द फार मवाळ पडतो. नाकाची एक बाजू वर चढायची, खालचा ओठ पुढे यायचा आणि ती हातभर मागे सरायची. दुसऱ्याने तोंड लावलेला पेला, दुधावरची साय, पाहुण्याने पाण्याच्या गुंडात बुडवलेली बोटं, काहीही पुरे व्हायचं. बाबांच्या थोरल्या भावाची ती बायको. मोठेबाबा गेल्यावर ती आंधळगावला आमच्याच घरी राहिली. घरात हातमाग होता. कोशाच्या कच्च्या रेशमी धाग्याचा कुबट वास घेण्यातच तिचा जन्म गेला, तरी मागाच्या खोलीत शिरताना रोज ती पदर नाकाला लावायचीच.

जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात आम्ही छपरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरायला काढले. त्यात खारीचं घरटं मोडलं आणि एक पिल्लू खाली पडलं. बोटाएवढं, गुलाबी, डोळे मिटलेलं, शेपटीचं टोक तुटलेलं. माझी धाकटी बहीण मंजू त्याला ओंजळीत घेऊन आत आली.

"छी! सोललेल्या उंदरावानी दिसून राहिलं," मोठीआई म्हणाली, "बाहेर ठेव. त्याची माय येईल."

माय आली नाही. मंजूने कापसाच्या वातीने दूध पाजून पिल्लू जगवलं आणि त्याचं नाव चिंगी ठेवलं.

चिंगी मोठी झाली तशी घराची पार घाण झाली. ती धाग्याच्या टोपलीत झोपायची आणि तिथेच मुतायची. विणून झालेल्या कापडावर पिवळे डाग पडायचे. एकदा तांदूळ निवडताना मोठीआईच्या सुपात लेंड्या निघाल्या, तेव्हा ती दिवसभर जेवली नाही. आम्हाला मात्र चिंगीचं भारी कौतुक. ती बशीतला चहा प्यायची, दोन्ही हातांनी बिस्किट धरायची, कुणाच्याही खांद्यावर चढायची. तमाशा पाहायला लोक यायचे. चहा-बिस्किटांनी ती फुगली, पाठीवरचे केस जागोजागी गळाले, हगवण लागली. मंजूच्या फ्रॉकवर तो ओघळ दिसला की आम्ही हसायचो.

"ही खार हाय का भिकारीण?" मोठीआई विचारायची. "चहा पाजून राहिले जनावराले! घिन नाही वाटत तुमाले?" आम्हाला वाटायचं, तिचं नेहमीचंच आहे.

मग तुमसरहून एक व्यापारी कापड पाहायला आला. चिंगी त्याच्या गुडघ्यावर चढली. तो खर्रा चघळत होता. पन्नीत घोटलेली ती सुपारी-तंबाखूची चिमूट त्याने चिंगीपुढे धरली. तिला काय, हातातलं सगळं खायचं असतं एवढंच ठाऊक. तिने घेतली. थोड्या वेळात ती लटपटायला लागली, तोंडातून फेस आला आणि कुशीवर पडून ती पाय झाडू लागली.

"चढली, चढली!" म्हणत तो हसला. त्याच्याबरोबर बाबाही हसले.

तोवर चिंगीला एकदाही हात न लावलेली मोठीआई पुढे झाली. तिने तो फेसाळलेला जीव पदरात उचलला, बोटाने त्याच्या तोंडातला चोथा काढला आणि पाहुण्याकडे पाहिलं.

"उठा भाऊ. कापड मिळणार नाही."

"वहिनी, अहो, मजाक केला त्यायनं," बाबा म्हणाले.

"भाऊजी, मले ह्या खारीची घिन नाही येऊन राहिली. तुमची येऊन राहिली."

पाहुणा गेला. चिंगी रात्रभर धुगधुगली आणि वाचली. दुसऱ्या दिवशी मोठीआईने सांगितलं, "आता हे जनावर मानसाच्या घरात राहणार नाही."

मंजू रडली, पण बाबांनी मान खाली घालून जाळीचा पिंजरा बनवला. मागच्या सांदवाडीतल्या, म्हणजे परसातल्या, कडुनिंबावर तो बांधला. चहा, बिस्किट बंद. आईने शेंगा, बोरं, चिंचोके पुरवले. खारीला किडेही लागतात असं कुणीतरी सांगितलं, तर मोठीआई तुरीच्या शेंगांतल्या अळ्या चिमट्याने काढायची. तोंड पार मागे वळवलेलं, डोळे मिटलेले, अंगावर शहारे. पण अळी खाली पडू द्यायची नाही. हळूहळू केस परत आले. पिंजऱ्याचं दार आम्ही दिवसभर उघडं ठेवू लागलो.

खरी अडचण पुढेच होती. चिंगीला कुणाचंच भय नव्हतं. शेजारचा बोका बुंध्याशी येऊन बसला, तर ही खाली उतरून त्याच्याकडे टुकूटुकू पाहत बसली. मंजूने धावत जाऊन उचलली म्हणून वाचली.

"हिले भेव शिकवा लागते," मोठीआई म्हणाली. "खाली आली का हाकला."

मंजूने पाय आपटला, पण चिंगी तिच्या पायावरच चढली. मंजूच्याने पुढे होईना. "मोठीआई, ती माझ्याकडे विश्वासानं येते गं!"

"म्हनूनच त मरन ते एक दिवस. राहू दे. मीच वाईट होतो आता तिच्यासाठी."

तेव्हापासून ती खराटा आणि तेलाचा रिकामा डबा घेऊन झाडाखाली बसू लागली. चिंगी जमिनीवर उतरली की डबा बडवायची, खराटा आपटायची, ओरडायची. पहिल्यांदा चिंगी नुसती गोंधळली. एकदा खराट्याच्या काडीचा मार बसला तेव्हा ती चिरकून वर पळाली. मोठीआईचा चेहरा इतका विटलेला मी कधीच पाहिला नव्हता. त्या संध्याकाळी तिने खराटा धरलेला हात कितीतरी वेळ घासून धुतला.

उन्हाळा लागेपर्यंत चिंगी पिंजऱ्यात झोपायची बंद झाली. झाडावर आणखी खारी होत्या. त्यांच्यातली आपली कोणती, हे शेपटीच्या तुटक्या टोकावरूनच कळायचं. मोठीआई मागच्या दारात दिसली की सगळ्यांच्या आधी चिंगीच चिरकायची. मोठीआई ते उभी राहून ऐकायची आणि आत जायची.

एका सकाळी मंजू तळहातावर शेंगदाणे घेऊन झाडाखाली उभी राहिली. चिंगी अर्ध्या बुंध्यापर्यंत आली. थांबली. शेपूट फडकवली, आणि सरसर वर निघून गेली. मंजूचे डोळे भरले.

"मोठीआई, ती मला विसरली."

"नाही व बाई," मोठीआई तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "ओळखलं तिनं तुले. पन आता मानूस म्हनून ओळखलं."