गुरुवारचा डबा

बाबांनी मला भंडाऱ्याच्या स्टँडवर नागपूरच्या एसटीत खिडकीजवळ बसवलं आणि स्वतः खाली उभे राहिले. "मावशीकडं नीट राहाजो, बाई," एवढंच म्हणाले. मी नववीत होते. त्याच आठवड्यात कोर्टानं आमच्या गावातल्या एका माणसाला शिक्षा सुनावली होती, माझ्या साक्षीवर. त्यानं माझ्याशी काय केलं ते मी कोर्टात सांगितलंय, इथं पुन्हा सांगणार नाही. आई म्हणायची, "लोकाईच्या नजरेपुढं कायले राहावं?" नजर लोकांची आणि बिऱ्हाड हललं माझं. वा रे न्याय!

तुम्ही जे गावात राहिलात आणि माझ्यासारख्या ज्या निघून गेल्या, त्या साऱ्यांसाठी हे लिहितेय. गोड लागणार नाही.

नागपूर, मग पुणे, आणि आता इंग्लंडातलं लीड्स. इथल्या युनिव्हर्सिटीत माझं संशोधन अशाच माणसांवर आहे. लैंगिक गुन्ह्याची शिक्षा भोगून ती वस्तीत परत येतात, तेव्हा त्यांच्यावर लक्ष कसं ठेवायचं, म्हणजे पुन्हा कोणाचा घात होणार नाही. लोक म्हणतात, हाकलून द्या, झालं! पण हाकललेला माणूस नजरेआड होतो आणि धोका तिथंच वाढतो. त्याला छप्पर लागतं, काम लागतं, लेकरांपासून लांब ठेवावं लागतं आणि खोदून खोदून विचारणारं कोणीतरी लागतं. इथं असे व्हॉलंटिअर असतात. शिक्षा भोगून आलेल्या एका म्हाताऱ्याच्या वाढदिवसाला त्यांनी केक आणला. मी कोपऱ्यात बसून टिपणं काढत होते. मावशीकडं माझा वाढदिवस कोणाच्या ध्यानातही नसायचा.

ज्याच्याविरुद्ध मी साक्ष दिली, तो सुटून गावात आला हे मला ठाऊक होतं. पुढचं मी विचारलं नाही, घरच्यांनी सांगितलं नाही. माझा फोन रविवारी असायचा. एकदा सुट्टी होती म्हणून गुरुवारीच व्हिडिओ कॉल लावला, तर आई डबा भरून राहिली होती. भात, वरण, लाखोरीची भाजी. बाबा मागं खाटेवर बसलेले.

"कोणाले आहे डबा?"

आईनं डब्याचं झाकण लावलं. शेवटी बाबाच म्हणाले, "गुरुवार आपला वार आहे, बाई. त्याचा."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तो तलावाच्या पाळीवर झोपडीत राहतो, मासोळीची राखण करतो. शाळेकडं यायचं नाही, धानाच्या रोवण्याला बाया असल्या की तिकडं फिरकायचं नाही. पोलीस पाटलांनी त्याला घरोघरचे वार लावून दिलेत. ज्या घरचा वार, त्या घरचा बाप्या डबा घेऊन जातो, तो जागेवर आहे का, प्यायला तर नाही ना, हे बघतो, दोन गोष्टी बोलतो आणि परतताना पाटलांना सांगतो. डबा म्हणजे हजेरीच. आम्ही इथं ज्याच्यासाठी मोठमोठे प्रोजेक्ट मांडतो, ते गावानं वरणभातावर भागवलंय. आणि आमचं घर? ते वगळायचं तर कारण बोलावं लागलं असतं. ते कारण आमच्या गावात कोणी तोंडावर आणत नाही. म्हणून आमच्याही वाट्याला गुरुवार आला आणि आईबाबांनी तो मान खाली घालून घेतला.

मी जळले. राग नव्हता तो, भीतीही नव्हती, सरळ सरळ हेवा होता. माझ्या आईच्या हातचा भात तो दर आठवड्याला खातो आणि मी इथं हीटरला पाय लावून टिनच्या डब्यातला राजमा गरम करते! दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा भरते, घरोघरच्या लेकींना बोलावणं जातं. मला कधीच गेलं नाही.

"मले मंडईले काहून बोलावत नाही?" मी विचारलं.

"तुले पाहून लोकाईले ते सारं आठवते," बाबा म्हणाले.

"आन् त्याले पाहून नाही आठवत?"

मी सांगून टाकलं, त्याचा डबा बंद करू नका, त्या डब्यामुळं गावातल्या पोरी सुखरूप आहेत. पण आपल्या चुलीवरचा नको. मला माझ्या आईचा गुरुवार परत पाहिजे.

पुढचं आईनं रडत रडत सांगितलं. ग्रामपंचायतीपुढं माणसं बसली होती, तिथं बाबा जाऊन उभे राहिले. "माह्या घरून डबा जाणार नाही. माह्या पोरीनं त्याच्या पायी गाव सोडलं." इतक्या वर्षांत गावात हे कोणी पहिल्यांदा बोललं. सगळे खाली बघत बसले. मग शेजारचे काका म्हणाले, "गुरुवार माह्याकडं लावा."

"मंडईले येजो," आई म्हणाली.

गेले. मंडई नेमकी गुरुवारची. हेवा गेला का? छे! त्याच्या झोपडीतून रोज आमचा तलाव दिसतो आणि माझ्या हातात परतीचं तिकीट असतं. पण लीड्समध्ये कोणी घर विचारलं की आधी मी नागपूरचं नाव सांगून मोकळी व्हायची. आता आईबाबांचं गाव सांगते.

मंडईच्या त्या गुरुवारी मी जेवायला बसले होते, तेव्हा काका डबा घेऊन आमच्या दारावरून तलावाकडं गेले. आईनं त्यांना जाताना पाहिलं. दार लोटलं नाही, नजरही चुकवली नाही. "घे अजून," म्हणाली आणि माझ्या ताटात भात वाढला.