नारळ फुटलेली टेप

मंजूचा फोन आला तेव्हा मी इच्छापूरच्या घरी केळफूल सोलत बसले होते. "आत्या, आई गेली..." एवढंच बोलली पोर. कुसुमवहिनी गेली. तेरवी आटोपली, पाहुणे पांगले आणि मंजू एकदम म्हणाली, "आत्या, मला आईचा आवाज ऐकायचाय." कपाटभर टेपा त्या घरात! सगळ्या वहिनीनं भरलेल्या. आणि एकीतही ती नाही. दुसऱ्याला गायला बसवायची आणि स्वतः तोंडाला पदर लावून चुप. मंजू एकेक ऐकत सुटली आणि रडकुंडीला आली.

वहिनीचं माहेर खानदेशातलं. भाषावार राज्यं झाली, आम्ही मध्यप्रदेशात राहिलो आणि तिचं माहेर सीमेपलीकडे गेलं. "मी नांदायला आले अन् सरकारनं मागून शीव घातली," असं म्हणून हसायची. पण शाळेतून आलेली पोरं तिच्याशी हिंदीत बोलायला लागली तेव्हा मात्र हसली नाही. आमच्या आईला, म्हणजे तिच्या सासूला, जात्यावरच्या ओव्या मुखोद्गत. "आईंबरोबर हे सगळं जाईल हो," असा धोशा तिनं दादामागे लावला. दादाचं लोधीपुऱ्यात रेडिओ दुरुस्तीचं दुकान. त्यानं कुठूनसा एक जुना टेपरेकॉर्डर आणला, चालू केला आणि मागची खोली वहिनीला देऊन टाकली. खिडकीला गोधड्या लावल्या, आईला मधोमध बसवलं... पण गल्ली ऐकेल तर ना! आईनं सूर धरला की दूधवाला ओरडे, नाहीतर कोणीतरी साखर मागायला येई. दादानं मग खोलीच्या दारावर लाल दिवा बसवला. तो लागला की कोणी आत यायचं नाही, बोलायचं नाही.

आता घ्या! आमच्या गल्लीनं लाल दिवा तोवर पाहिला होता तो फक्त देवीच्या देवळात. पहिल्याच दिवशी आईची ओवी रंगात आली आणि शेजारच्या सखूमावशी दाराशी चपला काढून, हातात नारळ घेऊन थेट आत. "बोला इच्छादेवी की जय!" खणखणीत. वहिनी किंचाळली, "अहो मावशी, देवी नाही, टेप आहे टेप! दिवा लागला का चुप बसायचं असतं!" मावशी गांगरल्या. "अगंबाई... मग या नारळाचं काय करू?" वहिनीनं कपाळाला हात लावला. "फोडा आता, आलाच आहे तर." मावशींनी तो उंबऱ्यावर फोडलाही! आई इतकी हसली की तिला ठसका लागला. दादा टेप पुसायला निघाला तर वहिनीनं त्याचा हात धरला. "राहू द्या. आई हसल्यात त्यात." तेव्हापासून दिवा लागला की गल्लीतल्या बाया एकमेकींना दटावायच्या, "हळू बोल गं, कुसुमकडे देव बसलाय!"

मंजूला म्हटलं, "वेडे, नारळाची टेप कुठाय?" ती म्हणाली, "ती खराब? ती मी कधी लावलीच नाही." कपाटाच्या तळाशी सापडली. वहिनीनं शेवटपर्यंत पुसूनपुसून जपलेलं ते यंत्र मंजूनं, तिच्या सुनेनं आणि मी बाहेर काढलं. त्याच मागच्या खोलीत जीव मुठीत धरून बसलो. इतक्या वर्षांची टेप, तुटली म्हणजे?

आधी नुसती खरखर. मग आईची ओवी. मग मावशींचा जयजयकार... आणि मग ती. पंचविशीतली, चिडलेली, अस्सल कुसुमवहिनी! मंजूच्या तोंडून "आई" असा हुंदकाच फुटला, तिची सून "थांबवू का?" विचारू लागली, मीही काहीतरी बोलत होते. तेवढ्यात यंत्रातून वहिनी ओरडली, "चुप बसायचं असतं!"

आम्ही तिघीही चुप झालो. नारळ फुटला, आई हसली, तिच्या मागोमाग वहिनीही हसली. तेही होतं टेपवर, आम्हाला ठाऊकच नव्हतं.

टेप संपल्यावर मंजूनं डोळे पुसले. "आत्या, आजीच्या ओव्या तुला येतात ना? म्हण, मी टेप भरते. पण आधी तुझं नाव सांग, जरा गप्पा मार, मग म्हण." मी घसा खाकरला. मंजू उठली आणि बाहेर जाऊन लाल दिवा लावून आली.