घट्ट विणीची पट्टी

आत्या त्याला ठोंब्या म्हणते. सिनेमात काम करणाऱ्या माणसाला घरी ठोंब्या म्हणतात, हे सेटवर कुणाला ठाऊक नाही. सेटवर तो विणकर आहे. दोन्ही नावं त्याने न कुरकुरता घेतली. खरं नाव पडद्यावर येतं तेव्हा दिवे लागलेले असतात आणि माणसं खुर्चीखाली पडलेला रुमाल शोधत असतात.

आई तो चालायला लागायच्या आधीच गेली. वडील शाळांच्या आणि दवाखान्यांच्या इमारतींत वायरिंगची कामं करत. त्याला वाढवलं ते आत्याने. ती वडिलांची धाकटी बहीण, टेलिफोनच्या ऑफिसात नोकरीला. तिच्या लग्नाचा विषय निघाला की ती म्हणे, एक थोरला आणि एक धाकटा सांभाळतेय, तिसरा कुठे ठेवू?

शाळेत असताना तो जिन्यावरून पडला आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. त्याने घर डोक्यावर घेतलं. आत्याने हातात सुया दिल्या आणि म्हणाली, आता हे उरकेपर्यंत तोंड उघडायचं नाही. पाय बरा झाला, सुया काही सुटल्या नाहीत. पहिला मफलर थांबवायचा कसा हेच त्याला ठाऊक नव्हतं. तो इतका लांबला की वडिलांनी गळ्याला वेढे घेतले तरी टोक गुडघ्याला लागे. ते तो कामावर घालून जात आणि शिडी चढताना टोक पँटच्या खिशात खोचत.

दुसरा नाद माणसांच्या चालीचा. रस्त्यात कुणी जरा वेगळं चालताना दिसलं की हा मागे लागे, तस्सा चालत. एकदा एका लठ्ठ वकिलांच्या मागे असाच निघाला होता. वकिलांनी वळून पाहिलं. छत्री फक्त या हातातून त्या हातात घेतली. ठोंब्याने लगेच चाल बदलली आणि पोस्टाच्या पेटीशी जाऊन उभा राहिला, टाकायला पत्र नसताना.

या चालींच्या जोरावर कॉलेजच्या नाटकात काम मिळालं. नाटकातून तो जाहिरातीत गेला. पहिल्या जाहिरातीत त्याची फक्त मान दिसली, तीही मागून. आत्याने शेजारणीला दाखवून सांगितलं, कान बघा, आमच्या घराण्याचे आहेत. मग एका सिनेमात बँकेतल्या कारकुनाचं काम मिळालं. वाक्य एकच होतं, ‘साहेब जेवायला गेलेत.’ त्यानंतर वर्षभर जिन्यात जो भेटेल तो त्याला विचारी, काय, साहेब आले का जेवून?

वडील गेले ते त्याच वर्षी. आजार लांबला होता. आत्या रजा टाकून दवाखान्यात बसे, तो संध्याकाळी जाई. खाटेशेजारी बसून तिने भावासाठी स्वेटर विणायला घेतला होता, राखी रंगाच्या लोकरीचा. चार बोटं पट्टी झाली आणि विणायचं कारण संपलं. सुया तशाच ठेवून तिने तो कपाटात कोंबला. पुन्हा सुईला हात लावला नाही. काही महिन्यांनी कपाट आवरताना तो ठोंब्याच्या हाती लागला. मी पुरा करू का, त्याने विचारलं. आत्या घड्या घालत राहिली.

“काय करायचं ते कर,” ती म्हणाली. “मला दाखवू नकोस.”

नटाचं काम म्हणजे मुख्यतः वाट पाहणं. दिव्यांची, ढगांची, मोठ्या नटाच्या गाडीची. बाकीचे मोबाईल बघतात, ठोंब्या विणतो. असाच तो एका सेटच्या कोपऱ्यात बसला असताना दिग्दर्शिकेने त्याला पाहिलं. तिच्या नव्या, लहानशा सिनेमात आजारी बापाजवळ बसून राहणारा मुलगा होता. तिने ठोंब्याला घेतलं आणि म्हणाली, विणणंही घेऊन ये. मुलगा बापासाठी स्वेटर विणेल.

चित्रीकरणाला त्याने कपाटातला तो राखी स्वेटर नेला, अजून चार बोटंच विणलेला. तो कुणाचा, हे त्याने तिला सांगितलं नाही. आत्यालाही नाही. दोन्हीकडे मूग गिळून बसला.

पहिल्या दिवशी सिनेमाचा पहिलाच प्रसंग झाला. बाप मुलाच्या हातातली पट्टी चाचपून पाहतो. बापाचं काम करणारे ज्येष्ठ नट खरंच थकलेले होते. त्यांचा थरथरता हात आणि ती चार बोटं पट्टी, एवढंच अख्ख्या पडद्यावर दिसणार होतं. दिग्दर्शिका खूश झाली. पुढे काम चालू राहिलं, ठोंब्या विणत राहिला, आणि स्वेटर बगलेपर्यंत आला.

मग कळलं, त्या पहिल्या प्रसंगात ठोंब्याच्या बाजूचं सगळं चित्रण दिव्याच्या लुकलुकण्याने वाया गेलंय. तेवढं पुन्हा करायचं. हातात चार बोटं पट्टी हवी, आणि स्वेटर तर वाढलेला. उसवावा, तर त्या वाढलेल्या स्वेटरचे प्रसंग बाकी.

त्यात काय एवढं, ठोंब्या म्हणाला. उरलेल्या लोकरीतून त्याने नवी पट्टी विणली. पण कुठल्या प्रसंगात कुठली वस्तू कशी होती यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारी एक ताई सेटवर असते. तिने पट्टी पहिल्या फोटोशेजारी धरली आणि मान हलवली. फोटोतली वीण दाट, घट्ट. ठोंब्याची सैल, मोकळी. त्याने पुन्हा विणली, दात आवळून. तरी सैलच. दिग्दर्शिकेने सांगितलं, म्हाताऱ्यांचा तो हात मला पुन्हा मिळणार नाही, ते चित्रण मी बदलणार नाही. सोमवारी पट्टी जुळली तर ठीक. नाहीतर तो प्रसंग जाईल, सिनेमा पुढच्यापासून सुरू करू.

तो प्रसंग गेला असता तर ठोंब्याकडे उरलं असतं खाटेशेजारी गप्प बसणं. बोलायचं जे काही होतं ते तिथेच होतं.

रविवारी दुपारी आत्या गॅसपाशी चहा करत होती. ठोंब्याने टेबलावर स्वेटर, सुया आणि गुंडा ठेवला आणि काहीही न वगळता सगळं सांगितलं. आत्याने गॅस बंद केला.

“मला दाखवू नकोस म्हटलं होतं,” ती म्हणाली. “त्यांना दाखव असं नव्हतं म्हटलं.”

“चुकलं, आत्या.”

“दादाला तरी विचारायचंस.”

तिने चहा गाळला. त्याच्या कपात साखर घालायची राहिली, की तिने मुद्दाम घातली नाही, हे विचारायची त्याची छाती झाली नाही. कप अर्धा झाल्यावर तिने सुया ओढून घेतल्या आणि टाके घालायला लागली.

इतक्या दिवसांनीही तिचा हात सरसर चालत होता. बोटभर विणून झाल्यावर दोघांनी ती जुन्या पट्टीशेजारी ठेवली. तीही सैल. आत्याने उसवली, पुन्हा घातली. पुन्हा सैल.

“तेव्हा हात घट्ट होता,” ती म्हणाली. “डॉक्टर दारात आले की सुया अशा धरायची, जसं काही पडतच होतं हातातून.” मग म्हणाली, “तुझा तो प्रसंग काय आहे? म्हणून दाखव.”

ठोंब्या खुर्ची ओढून समोर बसला. जिने त्याला नाक पुसायला शिकवलं तिच्यासमोर अभिनय करायचा होता. बापाची वाक्यंही त्यालाच म्हणायची होती. बाप विचारतो, कुणासाठी विणतोयस? मुलगा म्हणतो, तुमच्यासाठी. बाप म्हणतो, माप कुठे घेतलंस माझं? मुलगा म्हणतो, माप ठाऊक आहे मला.

आत्याने मान वर केली नाही. सुयांचा आवाज तेवढा होत होता.

“पुन्हा,” ती म्हणाली.

त्याने पुन्हा म्हटलं. मग आणखी एकदा. चहा गार झाला. सुयांचा आवाज मंदावला, एकेक टाका ओढून, आवळून पडायला लागला. ठोंब्याने तिच्या बोटांकडे पाहिलं. नखं पांढरी पडली होती.

“शेवटचं वाक्य गिळतोस,” आत्या म्हणाली. “नीट म्हण. त्याला ऐकू कमी येतं.”

सिनेमातल्या बापाला ऐकू कमी येत नव्हतं. ठोंब्याने ते बोलून दाखवलं नाही. पुढे झुकला, आवाज चढवला आणि म्हणाला, “माप ठाऊक आहे मला.”

“हं,” आत्या म्हणाली. “आता ऐकू गेलं असेल.”

चार बोटं झाली तेव्हा ती जुन्या पट्टीशेजारी ठेवून पाहायची गरज नव्हती. तरी त्यांनी ठेवली.

सोमवारी सेटवरच्या ताईने फोटो धरला, पट्टी धरली, आणि काही न बोलता पुढच्या कामाला लागली. तिच्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी कुणाला मिळत नाही. प्रसंग झाला. शेवटच्या वाक्याला ठोंब्या पुढे झुकला, जरा मोठ्याने बोलला. दिग्दर्शिकेने विचारलं, हे असं करायचं कुणी सांगितलं? घरी एक जण आहेत, तो म्हणाला.

चित्रीकरण संपल्यावर त्याने पट्टी आणि स्वेटर दोन्ही आत्यासमोर ठेवलं. पट्टी फ्रेम करून भिंतीवर लावावी असं त्याच्या मनात होतं. आत्याने ती उचलली, उलटसुलट करून पाहिली, सुई काढली आणि सर्रकन उसवायला लागली. तो अरे अरे करत उठला.

“बस,” ती म्हणाली. “बाह्यांना लोकर कमी पडतेय.”

घट्ट विणीतून सुटलेली लोकर नागमोडी झाली होती. आत्याने तिची लड बांधली, कोमट पाण्यातून काढली आणि दोरीवर वाळत टाकली. संध्याकाळपर्यंत लोकर सरळ झाली. मग तिने ठोंब्याला हात पुढे करायला लावले, लड त्याच्या मनगटांवर चढवली आणि तिचा गुंडा करायला घेतला.

“खांद्याला दादापेक्षा तू कमीच आहेस,” ती म्हणाली. “हात जरा वर धर, ठोंब्या. माप बघू दे.”