डुलुथची ट्रिप आणि धक्क्याला न लागणारी बोट

डुलुथला जायचं ठरलं तेव्हा प्लॅन दोघींचा होता. मी आणि होदान. होदान म्हणजे स्टेट कॉलेज नावाच्या युनिव्हर्सिटीच्या गावातली माझी रूममेट. जन्म मिनियापोलिसचा, आईवडील सोमालियाचे. मास्टर्स संपलेलं, नोकरी दोघींनाही नाही. घरात बसून ईमेल रिफ्रेश करण्यापेक्षा लेक सुपीरिअर बघू, मोठाली जहाजं बघू, परत येऊ, एवढंच. मे संपत आला होता, म्हणजे थंडी गेलेली असणार असं मला वाटलं. नव्हती गेली. तुम्ही जाल तर जाड जॅकेट न्या, आधीच सांगून ठेवते.

पहिली रात्र मिनियापोलिसजवळ ईडन प्रेरीला, आईच्या मैत्रिणीकडे. आईची ऑर्डर. काकूंनी पोहे दिले आणि समोर बसल्या.

"पासपोर्ट आहे ना बरोबर? कामाच्या परवान्याचं ईएडी कार्ड? फोटो नको दाखवू, ओरिजिनल ठेव."

"काकू, तळं बघायला चाललेय मी."

"तळं बघायला गेलेल्यांनाही विचारतात गं. आणि सोबत ती सोमाली मैत्रीण. चांगलीच असेल गं, पण सध्या दिवस कसे आहेत..."

मला राग आला. मग काकू आत गेल्यावर मी पर्स उघडून कार्ड आहे का ते बघितलं. पुन्हा चेन उघडून बघितलं. आहे.

सकाळी होदान घ्यायला आली. "आधी हूयोच्या दुकानात जाऊ," म्हणाली. हूयो म्हणजे आई. बाकी सगळे त्यांना एडो म्हणतात, म्हणजे आत्या. मीही एडोच म्हणते.

एडोंचं दुकान मिनियापोलिसमधल्या सोमाली मॉलमध्ये आहे. बाहेरून गोडाऊन वाटतं. आत अरुंद गल्ल्या, खोक्याएवढी दुकानं, झुळझुळीत कापडं, सोनं, धुपाचा वास, आणि वेलची-दालचिनी घातलेला चहा, जो प्यायल्यावर मला माझ्या आयुष्यातले सगळ्या टी-बॅग्ज फेकून द्याव्याशा वाटल्या. सांबूस मागवा. आपला समोसाच, पण आत बटाटा नाही, खिमा. भाताबरोबर केळं देतात. हसू नका, खाऊन बघा. दोघींचं पोट भरलं तरी बिल कॅम्पसवरच्या एका सँडविचएवढंच.

एडो मात्र खात नव्हत्या. फोन हातात, नजर फोनवर.

इथे थांबून बंदराची गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. एडोंच्या मुलखात, समुद्रकाठच्या एका गावात, लोकांनी स्वतः बंदर बांधलंय. लोकवर्गणीतून. सरकारची वाट बघून कंटाळले आणि गावातले व्यापारी, गुरंवाले, परदेशात टॅक्सी-ट्रक चालवणारे, सगळ्यांनी मिळून धक्का उभा केला. मिनियापोलिसला हॉलमध्ये मीटिंगा व्हायच्या, उठून आकडा बोलायचा, बायका तिथल्या तिथे हातातलं सोनं काढून द्यायच्या. एडोंनी बांगड्या दिल्या. आधी गावात पीठ, साखर, सिमेंट यायचं ते लांबच्या बंदरातून ट्रकने, आणि रस्त्यात प्रत्येक नाक्यावर कोणीतरी बंदूक घेऊन हात पुढे करणार. आता बोट थेट गावात लागते. पीठ स्वस्त झालं, बकऱ्या इथूनच बाहेर जायला लागल्या. हमालांना काम, चहावालीला गिऱ्हाईक.

राहिला मासा. मासा भरपूर, पण बर्फ नाही, त्यामुळे दुपारपर्यंत सडतो. म्हणून एडोंच्या धाकट्या बहिणीने बर्फ बनवायचं मशीन मागवलं. पैसा एडोंचा, मॉलमधल्या बायकांच्या अयूतोमधून उचललेला. दर महिन्याला सगळ्यांनी टाकायचे, एकीने उचलायचे.

"अगं, ही तर भिशी!" मी ओरडले.

"You people have this too?" होदान म्हणाली. एडोंनी पहिल्यांदा फोनवरून मान वर केली.

तर, हे मशीन आणि गावासाठी पीठ भरलेली बोट कधीची बंदराबाहेर उभी होती. लाटा मोठ्या, धक्क्याला लागता येईना. आणि वाऱ्याचा सीझन तोंडावर. तो एकदा लागला की बंदर काही महिने बंद. कॅप्टन म्हणत होता, नाही जमलं तर लांबच्या बंदरात उतरवतो. मग तोच रस्ता, तेच नाके. मागे त्या रस्त्याने बहिणीचा जनरेटर आला होता.

"पोचला?" मी विचारलं.

"त्याची ताडपत्री पोचली," एडो म्हणाल्या.

आम्ही निघायला लागलो तर एडोंनी शटर ओढलं आणि येऊन मागच्या सीटवर बसल्या.

"हूयो, तुला लाँग ड्राइव्ह आवडत नाही."

"इथे बसून फोन बघते तो तिथे बसून बघीन. मी बकऱ्यांमागे वाढलेली बाई. बंदराला बांगड्या दिल्या, बंदर एकदाही बघितलं नाही. चल."

रस्ता सोपा आहे. आय-थर्टीफाइव्ह धरा, उत्तरेला सरळ, साधारण अडीच तास. अर्ध्यावर हिंक्लीला गॅस आणि बाथरूम. पुढे नुसती झाडं, आणि मधेमधे नेटवर्क जातं. आम्हाला ते नको होतं. रेंज गेली की एडो फोन खिडकीला चिकटवून धरायच्या. एका ठिकाणी पोलिसाची गाडी झाडाआड उभी होती. होदान लिमिटच्या खालीच होती, तरी तिने अजून स्लो केलं. माझा हात पर्सच्या चेनवर. पोलीस मागे आला नाही. तरी पुढची पंधरावीस मैल मी आरशात बघत होते.

मग एक चढ संपतो आणि एकदम खाली तळं दिसतं. तळं कसलं यार, समुद्रच. पलीकडचा काठ दिसत नाही. एडो म्हणाल्या, "वारा आहे."

मोटेल हायवेजवळचं घ्या, पाण्याजवळची परवडत नाहीत. आणि वीकेंड टाळा.

सकाळी जहाजं बंदरात शिरतात त्या कालव्यापाशी गेलो. इथे अख्खा पूल लिफ्टसारखा वर उचलला जातो आणि खालून जहाज आत येतं. जहाजाची वेळ आधी ऑनलाइन बघा, लोक खुर्च्या घेऊन बसतात. धुकं, गार वारा, माझे दात वाजत होते. होदानने आईला सांगितलं की हिवाळ्यात हे बंदर बंद असतं, पाण्याचा बर्फ होतो म्हणून.

एडो हसल्या, त्या ट्रिपमधलं एकमेव हसू. "इथे बर्फाने बंदर बंद. आम्ही बर्फ आणायला बंदर बांधलं."

तेवढ्यात फोन वाजला. गावातली बंदर कमिटी. तिकडे संध्याकाळ होत आली होती. एडोंनी स्पीकर लावला, होदान माझ्या कानात भाषांतर करत होती. समुद्र थोडा शांत झालाय, बोट धक्क्याला लागलीये. पण अंधाराआधी निघावं लागेल, सगळा माल उतरणार नाही. मशीन जड, एकट्या मशीनलाच क्रेन बराच वेळ अडकणार. तेवढ्या वेळात कितीतरी पीठ उतरेल. दुकानं रिकामी आहेत. कमिटीतले बुजुर्ग, सगळे त्यांना हाजी म्हणतात, ते समजावत होते, "मुली, तू मोठ्या मनाची आहेस. तुझं मशीन पुढच्या बोटीने."

"मशीन ह्या बोटीत आहे, हाजी. पुढच्या बोटीत कसं येईल?"

"रस्त्याने येईल."

"जनरेटरसारखं?"

मग दुसरा कोणीतरी, "लोक काय खातील?"

"पिठाची दुसरी बोट मिळेल. मशीन एकदाच मिळालं. काल किती सडका मासा पुरला वाळूत? विचारा होडीवाल्यांना. ते अन्न नव्हतं?"

"तू तिकडे अमेरिकेत बसून—"

"अमेरिकेत बसून बांगड्या दिल्या तेव्हा चाललं की!"

आणि नेमकं त्याच क्षणी पूल वर गेला आणि समोर ते अजस्र जहाज आलं. त्याने भोंगा दिला, पुलाने उलटा दिला. छातीत हादरा बसतो अक्षरशः. आजूबाजूला लोक टाळ्या वाजवत होते. फोनमधून हाजी घाबरून ओरडले, "हे काय? आपली बोट निघाली का?"

"ही अमेरिकेची. तुम्ही विषय बदलू नका. आधी मशीन."

फोन कट. त्यांनी ठेवला की लाइन गेली, कळेना.

मग आम्ही बाकावर बसलो. लोक पांगले. होदान आईवर चिडली, "हूयो, तिथे मुलं आहेत, पीठ—" एडोंनी तिला हाताने गप्प केलं. मी कॉफी आणली, ती कोणी प्यायली नाही. एडोंच्या हातात जपमाळ होती, पण मणी सरकत नव्हते.

बहिणीचा व्हॉइस नोट आला. नुसता वारा आणि पुरुषांचे ओरडण्याचे आवाज. मग ती, "वर आहे. हवेत आहे. हलतंय." संपला.

पुढचा येईपर्यंत मी एडोंच्या फोनवरून नजर हलवली नाही. कोणाचं मशीन, कुठला समुद्र, माझा काय संबंध? तरी.

"खाली."

होदानने आईला मिठी मारली. एडो म्हणाल्या, "पिठाचं विचार."

पीठ थोडं उतरलं. बाकीचं बोटीबरोबर परत गेलं.

परतीच्या वाटेवर गावाच्या फोन-ग्रुपवर मेसेज येत राहिले. एकाने लिहिलं, आता बर्फाच्याच भाकऱ्या थापा. एडोंनी तो स्वतः वाचून दाखवला आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला नागपूरचा आमच्या वस्तीतला विहार आठवला. तोही वर्गणीतूनच झाला. माझ्या आईनेही दिली होती, हात जोडून दिली आणि मागच्या रांगेत जाऊन बसली. दिल्यावर भांडताही येतं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. पण भांडून जिंकल्यावर जे ओझं येतं, तेही एडोंच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

आता मी परत स्टेट कॉलेजला आहे. नोकरी अजून नाही, ईमेल रिफ्रेश चालूच. ट्रिप करावी का? करा. भोंगा ऐकाच. पण मला विचाराल तर जहाज मला नीट आठवतच नाही. बाकावरच्या एडो आठवतात. बरोबर केलं की चूक, ते मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि मी रोज ठरवते.

तिकडे वारा लागला, बंदर बंद आहे. पीठ पुन्हा महागलं. मशीन चालू झालं. काल होदानने मावशीचा नवा व्हॉइस नोट ऐकवला. एडोंनी विचारलं होतं, गावात लोक कसे वागतात.

मावशी म्हणाली, "अर्धं गाव माझ्याशी बोलत नाही. बर्फ सगळेच नेतात."