चहाच्या पातेल्यातल्या दोन झडपा

आमच्या नानांना एक वस्तू दाखवली की ते दुसरी मागत. नाना म्हणजे माझे वडील, पण सारं पारोळा गाव त्यांना नानाच म्हणे. टरबूज घ्यायला गेले तर दोन टरबुजं ठोकत तासभर उभे राहायचे आणि शेवटी काकड्या घेऊन यायचे. "घाईत घेतलेलं डुप्लिकेटच निघतं," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. त्यांच्यासोबत बाजारात जाणं मला शिक्षा वाटे.

त्यात त्यांनी जुनी मोटार घेतली. धुळ्याच्या रस्त्याला लागली की ती तापायची, बोनेटमधून वाफा निघायच्या आणि आम्ही सगळे बाभळीखाली बसायचो. मिस्त्री म्हणाला, थर्मोस्टॅट अडकतोय, नवा टाका. इंजिनातलं तापलेलं पाणी रेडिएटरकडे सोडणारी ती एवढीशी झडप. नानांनी दोन आणल्या, धुळ्याहून कंपनीची आणि जळगावहून साधी. कोणती आधी उघडते ते बघायला दोन्ही आईच्या चहाच्या पातेल्यात उकळत टाकल्या.

सकाळी कंपनीची आधी उघडे, संध्याकाळी साधी. नाना पुन्हा पाणी ठेवत. आठवडे गेले, गाडी अंगणात आणि आम्ही एसटीत. "कोणतीबी एक बसाडा, पन मनं पातेलं सोडा," आई रोज आपलं पातेलं परत मागत म्हणे. मी तर त्यांच्याशी बोलणंच टाकलं होतं. ते पातेलं झडपांसकट विहिरीत फेकावं, इतका राग यायचा.

एका दुपारी आई पोट धरून खाली बसली. डॉक्टरांनी तपासलं आणि ताबडतोब धुळ्याला हलवायला सांगितलं. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. मी जीप शोधायला स्टँडवर धावले. एकही मिळेना. मनातल्या मनात नानांना बोल लावत परतले, तर अंगणात गाडी सुरू होती. नानांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि आई मागच्या सीटवर निजली होती.

धुळ्यापर्यंत मी फक्त तापमानाचा काटा बघत होते. तो चढला नाही.

ऑपरेशन झालं. वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा कुठे मी नानांना विचारलं, शेवटी कोणती बसवलीत? ते भिंतीला टेकून बसले होते.

"कोणती बसाडी, ते मी देखंच नही," ते म्हणाले आणि रडायला लागले.

नाना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या वाया गेलेल्या आठवड्यांचा राग मला अजूनही येतो. आई मात्र आहे.